दुकानात घालून बघायचं आणि ऑनलाइन मागवायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रविवारी सायकल राईडवरून परत येताना घाटाच्या वर टपरीवर चहाला थांबलो की कुणीतरी नवीन बूट नाहीतर हेल्मेट दाखवतं, मग "कितीला पडलं", मग "चिपळूणात घालून बघितलं आणि ऑनलाइन मागवलं, सातशे वाचले", आणि मग चहा थंड होईपर्यंत वाद. खेड, दापोली, गुहागर, रत्नागिरी, कुठल्याही ग्रुपबरोबर जा, प्रश्न तेच. म्हणून एकदाच सगळं लिहून काढतोय. मी दुकानदार नाही, घरातही कुणी नाही, आणि ऑनलाइन मी पण भरपूर घेतो. पण या एका गोष्टीबद्दल माझं मत पक्कं आहे, ते कसं झालं तेही खाली येईलच.

नक्की कशाला चूक म्हणताय?

दुकानात जाऊन बघणं चूक नाही. ऑनलाइन घेणं चूक नाही. चार दुकानं फिरून, घरी जाऊन झोपून उठून मग पाचव्या ठिकाणी घेणं तर अजिबातच नाही, आपल्या आया-आज्यांनी लग्नाच्या साड्या अशाच घेतल्यात. चूक कुठे होते सांगतो. इथे घ्यायचंच नाही हे दुकानाबाहेर चपला काढतानाच ठरलेलं असतं, तरी आत जाऊन घेणार असल्यासारखं बोलायचं, त्या माणसाला अर्धा तास माळ्यावर चढवायचं, आपलं माप त्याच्याकडून काढून घ्यायचं आणि बाहेर येऊन फोनवर ऑर्डर टाकायची. शोरूमिंग म्हणतात याला. साध्या मराठीत फसवणं म्हणतात, रक्कम लहान असली तरी.

बघायला काय पैसे पडतात का? दुकान उघडंच तर असतं

तुम्हाला नाही पडत, त्याला पडतात. भाडं, लाइट, एक पोरगा हाताखाली, आणि सगळ्यात मोठं म्हणजे मालात अडकून पडलेला पैसा. एका बुटाच्या मॉडेलमध्ये सहा ते अकरा नंबर ठेवायचे म्हणजे सहा जोड, त्यातले आठ आणि नऊ विकले जातात, सहा आणि अकरा वर्षभर बसून राहतात. तुमचा नंबर मिळावा म्हणून ते सगळे त्याने रोखीने भरून ठेवलेले असतात.

आणि कोकणात माल ठेवणं हे स्वतंत्र काम आहे. जून लागला की चार महिने हवेत इतका ओलावा असतो की कपाटातल्या बेल्टला बुरशी येते. मी ज्या दुकानात जातो तिथले काका पावसाळ्यात दुपारी गिऱ्हाईक नसलं की एकेक डबा उघडतात, आतला कागद बदलतात, ती छोटी सिलिका जेलची पुडी हाताने दाबून बघतात, जोड पंख्याखाली ठेवतात आणि संध्याकाळी परत भरतात. रोज एक फळी. कुणी बघत नाही, कुणी पैसे देत नाही. हे का करावं लागतं तर बऱ्याच ट्रेकिंग बुटांचा मधला सोल पॉलियुरेथेनचा असतो, आणि ते पॉलियुरेथेन ओलाव्याने आतल्या आत कुजतं, हायड्रोलिसिस म्हणतात त्याला. वरून बूट नवा कोरा दिसतो, आणि घालून अर्धा डोंगर चढलात की सोल भाकरीच्या तुकड्यासारखा भुगा होऊन निघतो. न वापरता डब्यात पडून राहिलेल्या बुटाचंही असं होतं.

यातली एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. माल कधी बनला किंवा आयात झाला तो महिना आणि वर्ष डब्यावर छापणं कायद्याने लागतं, पण ऑनलाइन पानावर बाकी सगळी माहिती दाखवायची सक्ती असली तरी ही तारीख दाखवायची सक्ती नाही. म्हणजे सेलमध्ये अर्ध्या किमतीत आलेला बूट चार वर्षांचा आहे की चार महिन्यांचा, हे डबा हातात येईपर्यंत कळत नाही. दुकानात डबा समोर असतो, उलटा करा आणि वाचा.

तुम्ही स्वतः कधी केलं नाहीत का?

केलंय. २०१९ मध्ये. रसाळगड-सुमारगड-महिपतगड करायचं होतं, बूट हवे होते. चिपळूणच्या बाजारपेठेतल्या एका दुकानात गेलो, ऑनलाइनच घ्यायचं हे घरातून ठरवून गेलो. तिथल्या काकांनी चार जोड काढले. माझे आधी दोन्ही पाय पट्टीवर घेतले आणि म्हणाले डावा मोठा आहे, मापं नेहमी मोठ्या पायाची घ्यायची. मी आठ नंबर म्हणत होतो, त्यांनी मोजे घालायला लावून नऊ घातला, दुकानाच्या तीन पायऱ्या उतरायला लावल्या, "पुढे बोट आपटतं का" विचारलं, लेस पुन्हा त्यांनी स्वतः खाली बसून बांधली. साठीचा माणूस. मी बायकोला दाखवतो म्हणून डब्यावरच्या लेबलचा फोटो काढला आणि एसटी स्टँडवर बसून ऑर्डर केली. ६४० रुपये वाचले.

पुढे २२ जुलै २०२१ चा पूर आला. वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत काही ठिकाणी पहिल्या मजल्याला लागलं होतं, ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. पाणी उतरल्यावर आम्ही ग्रुपचे आठ-दहा जण चिखल काढायला गेलो, गमबूट कुठे मिळत नव्हते म्हणून मी ट्रेकचेच बूट घातले होते. फिरत फिरत त्याच दुकानासमोर आलो. शटर अर्धं वाकलेलं, आत डब्यांचा नुसता लगदा, बुटांत चिखल भरून ते जड झालेले, एकेक जोड बाहेर रस्त्यावर टाकत होते. काकांनी मला ओळखलं. माझ्या पायाकडे बघितलं आणि म्हणाले, "नऊच घेतलात ना? बसले ना नीट?"

टोमणा नव्हता तो. खरंच विचारत होते. मी हो म्हणालो आणि फावडं घेतलं.

पण ऑनलाइन फारच स्वस्त असतं, मी हजार रुपये का सोडू?

सोडू नका. आधी तो हजार खरा आहे का तेवढं बघा. तुलना बहुतेक वेळा ऑनलाइनच्या सेलच्या किमतीची आणि दुकानातल्या एमआरपीची असते, आणि एमआरपी म्हणजे जास्तीत जास्त किंमत, तेवढीच घेतली पाहिजे असा नियम कुठेच नाही. विचारलंत की दुकानदार कमी करतो, न विचारता कुणीच करत नाही. मग डिलिव्हरी चार्ज, मग आपल्या पिनकोडला कॉड (माल आल्यावर पैसे) नाही, मग कुरिअरवाल्याचा फोन येतो की वाडीपर्यंत गाडी येत नाही, तालुक्याला येऊन घेऊन जा. रिक्षाचे जायचे-यायचे धरा, आणि नंबर चुकला तर हेच उलट्या बाजूने पुन्हा. टॅक्सचं म्हणाल तर तो दोन्हीकडे सारखाच, २२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजारापर्यंतच्या बुटाला ५ टक्के जीएसटी आहे आणि त्याहून महाग बुटाला १८ टक्के, सायकलला ५ टक्के, ऑनलाइनला वेगळा दर नाही.

एवढं धरूनही कधीकधी ऑनलाइन खरंच स्वस्त पडतं, ते मान्य करायला पाहिजे. समजायला आकडा घेऊ. बूट ३,९९९ एमआरपीचा, दुकानदाराला पडतो ३,१०० ला, तो तुम्हाला ३,६०० ला देईल, त्या पाचशेत भाडं, पोरगा आणि पडून राहिलेले अकरा नंबरचे जोड. आणि ऑनलाइन तोच बूट ३,००० ला दिसतो, म्हणजे त्याच्या खरेदीपेक्षा खाली. तिथे कितीही घासाघीस केलीत तरी तो देऊच शकत नाही, आणि त्याचा लबाडपणा आहे असं समजून बाहेर येऊ नका.

मग ऑनलाइनवाल्यांना परवडतं कसं?

एक तर प्रचंड खरेदी, एक तर कंपनीच जुना माल तिकडे काढते, आणि कितीतरी वेळा नुसता तोटा सोसून गिऱ्हाईक ओढायचं. परदेशी पैसा असलेल्या मार्केटप्लेसने किमतीवर प्रभाव टाकायचा नाही आणि स्वतःची भागीदारी असलेल्या कंपनीचा माल स्वतःच्याच प्लॅटफॉर्मवर विकायचा नाही असे नियम १ फेब्रुवारी २०१९ पासून आहेत. असा नियम करावा लागला यातच काय ते आलं.

दुकानदाराला फोनवरची किंमत दाखवून भाव मागितला तर?

बेलाशक मागा. माझ्या मते हाच सगळ्यात सरळ मार्ग आहे, फक्त तो आधी मागा, चार जोड उघडल्यावर नाही. मी आता असं करतो, दुकानात शिरल्या शिरल्या सांगतो,

"काका, हे मॉडेल ऑनलाइन ३,२०० ला दिसतंय. तुम्हाला कितीपर्यंत जमेल?"

"एवढ्यात नाही हो जमणार. ३,४५० करतो, मोजे देतो वर."

"चालेल, मग घालून बघू."

झालं. अडीचशे रुपये जास्त गेले आणि माप बरोबर मिळालं, जोड चावला तर उद्या येऊन बदलता येतो. नाहीच जमलं तर काका स्वतःच म्हणतात, "तिकडूनच घ्या, मला परवडत नाही." हे माझ्याबरोबर दोनदा झालंय आणि दोन्ही वेळा चहा पाजून म्हणालेत.

माझं बजेटच नाही, कॉलेजला आहे. मला पण नैतिकता शिकवणार का?

अजिबात नाही. पाचशे रुपयांचा फरक ज्याला महिन्याभराच्या एसटी पासएवढा आहे त्याने ऑनलाइन घ्यावं, कुणाला काही सांगायची गरज नाही. फक्त दुकानदाराचा वेळ घेणार असशील तर खरं सांग. "दादा, माझ्याकडे दोन हजारच आहेत, मला नुसता नंबर बघायचाय" असं बोललास तर दहातले सात जण बघू देतील, उरलेले नाही म्हणतील आणि तो त्यांचा हक्क आहे. बऱ्याचदा मागचा, मागच्या सीझनचा एखादा जोड दोन हजारात निघतो पण. (डब्यावरची तारीख मात्र बघून घे.)

नुसता नंबरच बघायचा तर यूट्यूब आहे, साइझ चार्ट आहे. दुकान कशाला?

साइझ चार्ट पाय बघत नाही. यूकेचा एक नंबर वाढला की लांबी ८.४७ मिलिमीटरने वाढते आणि युरोपचा एक नंबर वाढला की ६.६७ ने, त्यामुळे दोन्हींचा मेळ कधीच पूर्ण बसत नाही, एका कंपनीचा यूके ९ म्हणजे ईयू ४३ आणि दुसरीचा ४४. आणि ही झाली लांबी. पंजाची रुंदी कुठे धरलीय यात? आमच्याकडे लहानपणापासून अनवाणी नाहीतर चपलेत वाढलेले पाय, पंजा पसरलेला असतो, लांबी बरोबर असून करंगळीला फोड येणारे कितीतरी जण माझ्या ग्रुपमध्ये आहेत.

दुकानात जाणार असाल तर संध्याकाळी जा, दिवसभराने पाय थोडे फुगलेले असतात. ट्रेकला घालणार तेच मोजे न्या. उतारावर किंवा पायरीवर उतरून बघा, कारण नख काळं पडतं ते नेहमी उतरताना. पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी.

सॅकचं तसंच. रिकामी सॅक सगळ्यांनाच छान बसते, दुकानदाराला सांगून आत आठ-दहा किलो वजन टाका, कमरेचा पट्टा हाडावर बसतोय की पोटावर ते बघा. मालवण-तारकर्लीकडे स्नॉर्कलिंग करणाऱ्यांसाठी, मास्कचा पट्टा न लावता तो तोंडावर नुसता टेकवा, नाकाने श्वास आत ओढा आणि हात सोडा. चिकटून राहिला तर तुमचा, पडला तर पाणी येणार. मिशी असेल तर हे शंभर टक्के करा. आणि हे सगळं मला कुठल्या चार्टने शिकवलेलं नाही, दुकानांत उभं राहून शिकलोय.

दुकानात माझा नंबरच नाही. मग?

विचारा, मागवून देता का आणि किती दिवसांत. आठवडा म्हणाले तर थांबायची तयारी असेल तर थोडे पैसे देऊन ठेवा. नाही म्हणाले किंवा तुमचा ट्रेक परवावर आलाय, तर ऑनलाइन घ्या, यात कसलाही दोष नाही, तुम्ही विकत घ्यायलाच गेला होता.

मोठ्या शहरात, साखळीच्या मोठ्या दुकानात जाऊन ट्राय केलं तर चालेल?

कोल्हापूर-पुण्याच्या त्या गोडाऊनएवढ्या दुकानात माल उघडा मांडलेला असतो, तुमचं तुम्ही घालून बघता, तिथल्या मुलाचा पगार तुमच्या एका जोडावर अवलंबून नाही, आणि बऱ्याचदा त्यांचं स्वतःचंच अ‍ॅप असतं. तिथे मला फारसं काही वाटत नाही. फक्त तिथलाही कुणी मुलगा तुमच्यासाठी वीस मिनिटं राबला असेल तर तेच लागू.

ऑनलाइन तीन नंबर मागवून दोन परत केले तर कुणाचंच नुकसान नाही ना?

एखाद्या वेळी अडचण असेल तर समजू शकतो. सवय म्हणून नको. पार्सल आंबा घाट नाहीतर कुंभार्ली उतरून आलं, कुणीतरी मोटरसायकलवर वाडीत आणलं, परत तसंच वर गेलं, दोनदा. तो कुरिअरचा पोरगा बहुतेक ठिकाणी पार्सलमागे पैसे मिळवतो आणि पावसात येतो. शिवाय आपल्या इथे रिटर्न पिकअप "उद्या येतो" करत आठवडा काढतो, तोवर परत करायची मुदत संपत आलेली असते.

ऑनलाइन घेतलेली सायकल लोकल मेकॅनिककडे जोडायला नेली तर तो चिडतो. त्याला काम नकोय का?

काम हवंय, पण तुम्ही दोनशे रुपयांत करून मागता. डब्यातून येणारी सायकल "८५ टक्के जोडलेली" म्हणतात, उरलेले १५ टक्के म्हणजेच खरं काम. मागच्या डिरेलरचा (गिअर बदलणाऱ्या भागाचा) हँगर प्रवासात वाकलेला असतो, चाकाचा आऊट म्हणजे डगमग काढायची असते, ब्रेक लावायचे, गिअर बसवायचे, बेअरिंगला ग्रीस बहुतेक वेळा नावालाच. घरी जोडलेल्या सायकली मी पाहिल्यात ज्यांचा पुढचा फोर्क (पुढचं चाक धरणारा दुहेरी दांडा) उलटा बसवलेला होता, आणि मालक त्याच्यावर रत्नागिरीच्या भाट्याच्या पुलावरून राईड मारून आला होता. जीव जाईल असल्याने.

तेव्हा लपवू नका, "ऑनलाइन घेतलीय, नीट करून द्या, मजुरी पूर्ण देतो" म्हणा, आणि द्या. दीड-दोन तासांचं कुशल काम आहे. मजुरीत घासाघीस करू नका, तिथे घासाघीस म्हणजे दोनदा ओरबाडणं. आणि चेन, केबल, ऑइल, ट्यूब तरी त्याच्याकडूनच घ्या. समुद्राच्या खारट वाऱ्यात चेन आठ दिवसांत गंजते, तुम्हाला तो माणूस लागणारच आहे. राईडच्या ६८व्या किलोमीटरला, किनाऱ्याच्या रस्त्यावर गिअर अडकला की त्यालाच फोन लावता ना?

दुकानदार उद्धट असेल, ट्रायलच देत नसेल तर?

तर तुम्ही त्याचं काही देणं लागत नाही, सरळ बाहेर या. लोकल आहे म्हणून पवित्र असं काही नसतं. जुना, पिवळा पडलेला सोल एमआरपीला चिकटवणारे आहेत, बिल मागितलं की तोंड वाकडं करणारे आहेत. आमच्या ग्रुपमधल्या एक ताई स्वतःची सायकल घ्यायला गेल्या, पैसे त्यांचे, दोनशे किलोमीटरची ब्रेव्हे (ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब राईड) करणाऱ्या त्या, आणि दुकानदार सगळं त्यांच्या नवऱ्याला समजावत होता ज्यांना हँडल आणि स्टेममधला फरक माहीत नाही. ताईंनी ऑनलाइन घेतली. मी त्यांच्या बाजूचा आहे. अशा दुकानदाराला मात्र जाताना सांगून या की का चाललात, नाहीतर त्याला वाटणार ऑनलाइनने धंदा खाल्ला.

वॉरंटी कुठे चांगली मिळते?

कागदावर दोन्हीकडे सारखी, बिल हवं. ऑनलाइनला तक्रार केली तर ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांप्रमाणे ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निकाल द्यायचा असतो, नाही झालं तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. दुकानात मी तरी जाऊन समोर उभा राहतो आणि काका कंपनीच्या माणसाला माझ्यासमोर फोन लावतात.

ऑनलाइन वाचायचं आणि दुकानात घ्यायचं, हे उलटं चालतं का?

उत्तम. वाचून जा, काय हवं ते ठरवून जा, दुकानदाराचाही वेळ वाचतो. आणि त्याने तुमच्या माहितीत भर घातली तर ऐका, रिव्ह्यू लिहिणारा बंगळुरात राहतो, त्याने आपला जुलै पाहिलेला नाही.

मी पण आधी असं केलंय. आता जाऊन माफी मागू का?

मागावीशी वाटली तर मागा, पण अवघड होतं ते दोघांनाही, मला जमलं नव्हतं. काकांनी पुरानंतर दुकान उभं करायला बराच काळ घेतला, उघडल्यावर मी जाऊन मुलीचे शाळेचे बूट आणि माझी सॅक घेतली, भाव केला नाही. अजून तिथेच जातो.

मग कधी जाऊ दुकानात? नेहमी गर्दी असते

गणपतीच्या आधीचे पंधरा दिवस आणि मे महिना सोडा, चाकरमानी आलेले असतात आणि शाळेची खरेदी सुरू असते, तेव्हा कुणालाच तुमचा पाय मोजायला वेळ नसतो. जुलैत पावसाची झड लागलेली असताना मंगळवार-बुधवारी संध्याकाळी पाचला जा, दुकान रिकामं असतं, डबे पंख्याखाली उघडेच असतात. मोजे घेऊन जा. छत्री बाहेरच्या बादलीत ठेवा, फरशी ओली झाली की बुटांची ग्रिप कळत नाही.